बुधवारी हॅलिबटला सुट्टी

अलास्काच्या मध्य-दक्षिण किनाऱ्यावर, होमर किंवा सेवर्डच्या धक्क्यावरून भाड्याच्या बोटीत बसून हॅलिबट धरायचा बेत असेल, तर बुधवार टाळा. त्या दिवशी पाहुण्यांनी हॅलिबट ठेवायचा नाही, असा नियमच आहे. बोट सुटेल, सॅमन मिळेल, रॉकफिश मिळेल, पण हॅलिबट गळाला लागला तर तो पाण्यात परत जाणार. 2015 साली हा मान भर उन्हाळ्यातल्या गुरुवारांना मिळाला होता. 2016 पासून बुधवार आला, आणि काही वर्षी मोजके मंगळवारही त्याच्या जोडीला आले.

कारण अगदी व्यवहारी आहे. व्यावसायिक कोळ्याला 'तुझा वाटा इतके पौंड' असं आधीच सांगता येतं, कारण त्याचा माल धक्क्यावर काट्याखाली जातो. हौशी माणसाचं तसं नाही. जून-जुलैत हजारो पर्यटक येणार, प्रत्येकाच्या हातात एक रॉड, कुणाला काय लागेल हे देवच जाणे. सगळ्यांनी मिळून किती मासा नेला, याचा पक्का हिशेब हंगाम उलटल्यावरच लागतो. म्हणून आधी आवळता येतील अशा गोष्टी आवळायच्या: वार किती, दिवसाला मासे किती, लांबी किती, बोटीच्या फेऱ्या किती. हॅलिबटच्या हौशी मासेमारीचं सगळं नियमपुस्तक याच चार दोऱ्यांवर उभं आहे. आणि एकेका दोरीमागे माशाच्या शरीराचं किंवा माणसाच्या सवयीचं फार बारकाईने केलेलं निरीक्षण आहे.

आठ फुटी लेपा

मालवण-रत्नागिरीच्या बाजारात लेपा पाहिला असेल, तर हॅलिबटची ठेवण लगेच कळेल. दोघंही चपट्या माशांच्या गणातले. एका कुशीवर आयुष्य काढणारे, दोन्ही डोळे एकाच बाजूला. पण लेपा तव्यात मावतो आणि पॅसिफिक हॅलिबट आठ फुटांच्या पुढे, 500 पौंडांपर्यंत जाऊ शकतो.

पिल्लू मात्र इतर माशांसारखंच जन्मतं, दोन बाजूंना दोन डोळे घेऊन. इंचभर लांब होईस्तोवर डावा डोळा कपाळावरून सरकत उजव्या बाजूला येतो. मग ती बाजू 'वरची' ठरते आणि तळाच्या रेतीचा रंग घेते. डावी बाजू पांढरीफटक राहते. साधारण वीस हजारांत एखादाच मासा उलट्या बाजूला डोळे घेऊन निघतो.

माद्या मोठ्या, नर लहान. मादी अंड्यांवर यायला बारा वर्षांच्या आसपास घेते, नर आठ. मोठी मादी एका हंगामात चाळीस लाखांपर्यंत अंडी सोडते. आणि आतापर्यंत नोंदलेलं सर्वाधिक वय आहे 55 वर्षं. म्हणजे तुमच्या गळाला लागलेला मासा वयाने तुमच्याहून वडील असू शकतो!

एका माशापायी साम्राज्य हललं

1888 साली 'ऑस्कर अँड हॅटी' नावाच्या शिडाच्या जहाजाने वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्याबाहेर हॅलिबट धरला आणि बर्फात घालून रेल्वेने थेट बोस्टनकडे रवाना केला. अटलांटिकचा हॅलिबट तोवर संपत आला होता, त्यामुळे पॅसिफिकच्या मालावर उड्या पडल्या. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत इथलेही मासे कमी होऊ लागले, आणि कोळी स्वतःच म्हणायला लागले की हिवाळ्यात मासेमारी बंद ठेवा.

2 मार्च 1923 रोजी राजधानी वॉशिंग्टनमध्ये अमेरिका आणि कॅनडा यांच्यात हॅलिबट करार झाला. कॅनडाच्या वतीने सही केली मत्स्यव्यवहार मंत्री अर्नेस्ट लापॉइंट यांनी, एकट्याने. तोवर कॅनडाच्या परराष्ट्र करारांवर ब्रिटिश राजदूताची सही लागायची, आणि राजदूत याही वेळी सहीसाठी अडून बसले होते. पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांनी निक्षून सांगितलं: मासा आमचा, शेजारी आमचा, सहीही आमचीच. लंडनने माघार घेतली. ब्रिटनच्या सहीशिवाय कॅनडाने केलेला हा पहिला करार. कॅनडाच्या स्वतंत्र परराष्ट्र धोरणाचा इतिहास सांगताना या चपट्या माशाला वगळता येत नाही.

करारातून जन्मला तो आंतरराष्ट्रीय पॅसिफिक हॅलिबट आयोग. मुख्यालय सिॲटलला, आयुक्त सहा, तीन इकडचे आणि तीन तिकडचे. कुठलाही ठराव व्हायला दोन्ही बाजूंच्या किमान दोघांचा होकार हवा. पहिला नियम होता हिवाळ्यातल्या तीन महिन्यांच्या बंदीचा, आणि तो फक्त व्यावसायिकांसाठी होता. हौशी लोकांकडे आयोगाचं लक्ष जायला आणखी पन्नास वर्षं लागली. त्यांच्यासाठी आयोगाचे पहिले नियम आले 1973 मध्ये. तोपर्यंत रविवारी दोन मासे धरून नेणाऱ्याचा हिशेब ठेवावा, असं कुणाला वाटलंच नव्हतं.

नकाशावरच्या रेघा माशाला दिसत नाहीत

आयोगाने सारा किनारा आकड्या-अक्षरांत वाटून टाकला आहे. 2A म्हणजे वॉशिंग्टन, ऑरेगन आणि कॅलिफोर्निया. 2B म्हणजे ब्रिटिश कोलंबिया. 2C म्हणजे अलास्काची आग्नेय पट्टी, जिथे सिटका, जुनो, केचिकान आहेत. 3A म्हणजे होमर-सेवर्ड-कोडियाकचा पट्टा. पुढे 3B, आणि मग 4A ते 4E बेरिंग समुद्रापर्यंत. इथले बोटवाले गावाच्या नावाआधी हा नंबर सांगतात, कारण नियम नंबरावर ठरतो.

मासा मात्र हिंडतो. अल्युशियन बेटांतल्या ॲटकाजवळ खुणेची तार लावून सोडलेला एक हॅलिबट ऑरेगनच्या कूस बेजवळ सापडला. मधलं अंतर सुमारे अडीच हजार मैल. म्हणून एका चौकोनात जास्त मासा काढला, तर त्याची झळ पार दुसऱ्या देशाच्या चौकोनालाही लागू शकते. खुणेची तार असलेला मासा मिळाला आणि ती आयोगाला पाठवली, तर टोपी किंवा थोडी रोख बक्षिशी मिळते. टोपी घेणारे पुष्कळ आहेत आणि ती धक्क्यावर मिरवली जाते.

चाळीसच्या आत किंवा ऐंशीच्या वर

आता सगळ्यात रंगतदार नियम. 2C पट्ट्यात 2024 साली भाड्याच्या बोटीवरच्या पाहुण्याला दिवसाला एकच हॅलिबट ठेवता येत होता. तोही कोणता? चाळीस इंचांपर्यंतचा, किंवा ऐंशी इंच आणि त्याच्या वरचा. मधला मासा, म्हणजे नेमका ज्याचा फोटो घरी पाठवावासा वाटेल तो, पाण्यात परत.

हे आकडे दरवर्षी बदलतात. 2011 मध्ये 37 इंचांहून मोठा मासा ठेवायचाच नाही असा नियम आला आणि बोटवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. हजारो मैलांवरून माणूस येतो तो मोठ्या माशाच्या आशेने. ती आशाच नियमाने काढून घेतली, तर तो येईल कशाला? दुसऱ्याच वर्षी उलटी चौकट आली: 45 इंचांपर्यंत किंवा 68 च्या वर. 2014 मध्ये ती 44 आणि 76 झाली, 2018 मध्ये 38 आणि 80. वरचा आकडा चढवत नेला की तेवढे मोठे मासे क्वचितच लागतात, त्यामुळे एकूण वजन आटोक्यात राहतं, आणि तरीही प्रत्येक पाहुण्याच्या मनात 'आज आपल्यालाच लागला तर' ही आशा जिवंत राहते. वजन आणि आशा दोन्हींचा हिशेब एका ओळीत बसवणारा हा नियम मला फार आवडतो.

यामागचं गणितही पाहण्यासारखं आहे. चाळीस इंची हॅलिबट साधारण 30 पौंडांचा असतो. ऐंशी इंची जवळपास 280 पौंडांचा. लांबी दुप्पट, वजन नऊपट! म्हणून मर्यादेत दोन इंच इकडेतिकडे झाले, तरी पूर्ण पट्ट्याच्या हिशेबात पौंडांची मोठी उलथापालथ होते.

पण पकडलेला मासा सोडून दिला तर तो जगतो का? इथे हॅलिबटचं शरीर नियमकर्त्यांच्या मदतीला येतं. रॉकफिशच्या पोटात हवेची पिशवी असते. खोल पाण्यातून वर ओढला की ती फुगते, डोळे बाहेर येतात, आणि नुसता सोडून दिला तर तो वरच तरंगत राहतो. त्याला दोरीला बांधलेल्या वजनाने पुन्हा खोल नेऊन सोडावं लागतं, आणि अलास्कात तसं साधन बोटीवर ठेवणं सक्तीचं आहे. हॅलिबटला ही पिशवीच नाही. चारशे फुटांवरून आला तरी नीट हाताळून सोडला की शेपटीचा एक फटका मारून सरळ तळ गाठतो. ही पिशवी असती तर लांबीच्या चौकटीचा हा सगळा डाव फसला असता.

मोजायची रीतही नियमात लिहिलेली आहे. माशाचं तोंड मिटलेलं हवं. खालच्या जबड्याच्या टोकापासून छातीच्या पराच्या वरून शेपटीच्या मधल्या भागाच्या टोकापर्यंत सरळ रेषेत अंतर घ्यायचं. पोटाच्या गोलाईवरून टेप फिरवायची नाही, शेपटीचं वरचं टोक धरायचं नाही. डेकवर अर्ध्या इंचावरून पाहुण्याचा चेहरा पडतो किंवा खुलतो. मर्यादेत बसलेल्या माशाचे तुकडे केले तरी सांगाडा किनाऱ्यापर्यंत अखंड ठेवायचा, म्हणजे तपासणीला आलेल्या माणसाला पुन्हा मोजता येईल.

आणि ही 'मधलेच बरे' किंवा 'मधले नकोत' अशी निवड आधुनिक म्हणावी तर तसंही नाही. या किनाऱ्यावरच्या त्लिंगिट लोकांचा जुना लाकडी गळ पाहा. दोन वेगवेगळ्या लाकडांचे तुकडे कोनात बांधलेले, एक हलकं आणि एक जड, म्हणजे पाण्यात गळ बरोबर हव्या त्या अंगाने उभा राहतो. बांधणी स्प्रूसच्या मुळांची, काटा हाडाचा आणि नंतरच्या काळात लोखंडाचा, आणि एका दांड्यावर कोरलेली आकृती, तळाकडे पाहणारी. दोन दांड्यांमधलं अंतर असं, की फार लहान माशाला काटा लागत नाही आणि फार मोठ्या माशाचा जबडा त्यात शिरत नाही. मधल्या आकाराचा तेवढा येतो. शिकाऱ्याची होडी छोटी, दोनशे पौंडांचं धूड आत घेतलं तर होडीच उलटायची. त्यात मोठ्या माद्या आपोआप वाचायच्या. वॉशिंग्टनच्या टोकावरच्या मका लोकांचा वाकवलेल्या लाकडाचा गळही त्यांचाच भाऊबंद. फूटपट्टी नव्हती, निरीक्षक नव्हता, नियम गळाच्या घडणीतच होता.

नॉर्वेने अटलांटिक हॅलिबटसाठी उलट वाट धरली. तिथे 2017 पासून दोन मीटरहून मोठा मासा सोडून द्यावा लागतो, कारण ती अंडी घालणारी मादी असते आणि एवढ्या जुन्या माशात घातक द्रव्यंही साठलेली असतात. आपल्याकडे महाराष्ट्राने 2023 मध्ये पापलेट, बोंबलासह 54 जातींसाठी लांबी ठरवली, ती किमान लांबी: याहून लहान धरू नका. लहानग्यांना वाचवायचं की आयांना, हा प्रश्न प्रत्येक किनाऱ्याला आपापल्या माशापुरता सोडवावा लागतो.

कप्तान असेल तर एक, नसेल तर दोन

हेही खरं आहे. स्वतःच्या बोटीतून गेलात, तर अलास्कात दिवसाला दोन हॅलिबट, कुठल्याही आकाराचे, वार कोणताही. हंगाम 1 फेब्रुवारी ते 31 डिसेंबर. तीच जागा, तोच मासा, पण बोटीवर पैसे घेऊन वाट दाखवणारा कप्तान असेल तर नियम कडक. 3A मध्ये अलीकडच्या वर्षांत पाहुण्याला दोन मासे मिळत आले आहेत, पण त्यातला एक ठरावीक लांबीच्या आतलाच हवा (2024 साली 28 इंच), आणि बोटीने दिवसाला एकच फेरी मारायची.

यात अन्याय वाटतो खरा, आणि बोटवाले तसं बोलूनही दाखवतात. पण निष्णात कप्तानाला मासा कुठे बसतो, पाणी कधी थांबतं, शिसं किती लावायचं हे सगळं ठाऊक असतं. त्याच्या बोटीवर सहा नवखे चढले तरी सहाही जण मासा घेऊन उतरतात. स्वतःच्या होडीतून जाणाऱ्यातले कितीतरी रिकाम्या हाताने येतात. म्हणून चाप कौशल्यावर लावला आहे. कप्तान आणि खलाशांनी त्या फेरीत स्वतःसाठी हॅलिबट ठेवायचा नाही, हेही त्यातच आलं. 2011 पासून अशा बोटींना वेगळा परवानाही लागतो आणि त्यांची संख्या मर्यादित आहे.

2020 साली कोविडमुळे पाहुणेच आले नाहीत. धक्के ओस पडले, तेव्हा हंगामाच्या मध्यावर नियम सैल केले: 2C मध्ये चाळीसचे 45 इंच झाले, 3A मध्ये बंद वार उघडले. आवळलेली दोरी सैल करायची यंत्रणाही चालते, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

अलास्कातल्या ग्रामीण रहिवाशांचं आणि आदिवासी जमातींच्या सदस्यांचं खातं पूर्ण निराळं. 2003 पासून त्यांना घरच्या अन्नासाठी वेगळी नोंदणी मिळते. बऱ्याच भागांत तीस गळांपर्यंतची दोरी आणि दिवसाला वीस मासे चालतात. इथे हौसेचा प्रश्नच नाही, हे हिवाळ्याचं अन्न आहे.

शेपटीचं टोक कापलेला मासा

पाहुण्याला चौकटीबाहेरचा मासा हवाच असेल, तर एक कायदेशीर मार्ग आहे. 1995 पासून अलास्काच्या व्यावसायिक हॅलिबटचा कोटा कोळ्यांच्या नावावर वाटलेला आहे. त्याआधी चोवीस तासांची झुंबड व्हायची. वर्षातले दोन-तीन दिवसच मासेमारी खुली, मग हवा कशीही असो, सगळ्यांनी समुद्रात धाव घ्यायची. माणसं बुडायची आणि बाजारात एकदम मासा येऊन भाव पडायचा. कोट्याने ती शर्यत संपवली.

2014 पासून बोटवाल्याला या व्यावसायिक कोट्यातले काही पौंड भाड्याने घेऊन पाहुण्याला देता येतात. असा मासा डेकवर आला की लगेच त्याची लांबी नोंदवायची आणि शेपटीच्या वरच्या नि खालच्या पात्याची टोकं कापायची. धक्क्यावर मासे टांगलेले असले की ओळखायला क्षणही लागत नाही: अखंड शेपटीचा मासा पाहुण्यांच्या वाट्यातला, टोकं छाटलेला व्यावसायिकाच्या खात्यातला. कॅनडातही 2011 पासून अशी सोय आहे.

दक्षिणेकडे निराळाच खाक्या

ब्रिटिश कोलंबियात 2012 पासून वाटणी ठरलेली आहे, व्यावसायिकांना 85 टक्के आणि हौशींना 15. प्रत्येक हौशी माणसाच्या परवान्यावर हॅलिबटची नोंद करावी लागते आणि वर्षाची मर्यादा असते.

2A चा वाटा छोटा आणि वाटेकरी भरपूर. करारांचे हक्क असलेल्या वॉशिंग्टनच्या जमातींना त्यातले 35 टक्के जातात. उरलेल्यातून तीन राज्यांचे व्यावसायिक आणि हौशी. म्हणून वॉशिंग्टनमध्ये आठवड्यातले मोजकेच वार खुले असतात, आणि नीआ बे, ला पुश, वेस्टपोर्टच्या धक्क्यांवर त्या दिवशी पहाटे जत्रा भरते. दिवसाला एकच मासा आणि लगेच नोंदपत्रावर शाईने खूण. ऑरेगनमध्ये चाळीस वावांच्या रेषेच्या आतली मासेमारी वेगळी आणि खोल समुद्रातली वेगळी. खोल समुद्राचे ठरलेले दिवस संपल्यावर कोटा उरला, तर राखीव दिवस खुले करायची पद्धत पडली होती. हवा खराब झाली तर दिवस वाया जातो, पण कोटा शिल्लक राहतो, म्हणून ही तजवीज. कॅलिफोर्नियात कोटा भरला की हंगाम तिथेच बंद होतो.

कानातलं हाड सांगतं वय

मासे मोजायचे तरी कसे? अलास्कात भाड्याच्या बोटीला प्रत्येक फेरीची वही भरावी लागते. धक्क्यावर सरकारी मुलंमुली टेप घेऊन उभी असतात, लांबी घेतात, विचारपूस करतात. शिवाय मासेमारीचा परवाना घेतलेल्या घरांना टपालाने प्रश्नावली जाते: यंदा किती धरले, किती सोडले?

आयोगाची स्वतःची पाहणी दर उन्हाळ्यात होते. ठरलेल्या जागांची जाळी दहा सागरी मैलांच्या अंतराने आखलेली आहे. तिथे शंभर-शंभर गळांच्या दोऱ्या टाकायच्या. गळ गोल वळणाचे, आमिष ठरलेलं, गळांमधलं अंतर अठरा फूट. सगळं दरवर्षी तसंच, म्हणजे या वर्षीची गेल्या वर्षीशी तुलना होते.

आणि माशाच्या डोक्यातून काढलेलं नखाएवढं हाड. हे कानातलं हाड मोडून भाजलं की त्यातल्या वर्षावर्षाच्या रेषा गडद होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक वर्ष मोजता येतं. 1914 पासून अशी हाडं जमवलेली आहेत. त्यातूनच कळलं की मासे बारीक होत चालले आहेत. 2000 च्या दशकात बारा वर्षांचा हॅलिबट 1980 च्या दशकातल्या त्याच वयाच्या माशाच्या जवळपास निम्म्या वजनाचा भरला. समुद्राचं तापमान, खाद्यासाठीची चढाओढ, मोठे मासे आधी धरले जाणं, अशी बरीच कारणं एकत्र गुंतलेली आहेत. शिवाय 2017 पासून व्यावसायिकांच्या मालातल्या पराच्या तुकड्यांवरून लिंग तपासलं, तर ऐंशी टक्क्यांच्या आसपास माद्याच निघाल्या.

गोळी मारली आणि विक्रम हुकला

रॉड-रिळावर धरलेल्या हॅलिबटचा मान्य विक्रम आहे 459 पौंडांचा, 1996 साली उनालास्काजवळचा. 2014 च्या जुलैत गस्टेव्हसजवळ सत्तरी ओलांडलेल्या एका पाहुण्याला 482 पौंडांचा लागला. विक्रम मोडला असता, पण बोटीत घेण्याआधी त्याला भाला आणि गोळी मारली होती. जागतिक विक्रमाच्या नियमात ते बसत नाही. एवढं धूड जिवंत डेकवर घेणं जिवावरचं काम आहे, शेपटीच्या फटक्याने पाय मोडतो. त्या कप्तानाने विक्रमाआधी माणसांचा विचार केला, हे योग्यच झालं.

जानेवारीतली ती बैठक

डिसेंबरमध्ये उत्तर पॅसिफिक मत्स्य परिषद बोटवाल्यांसाठी वार, लांबी, फेऱ्यांचे पर्याय निवडते. जानेवारीच्या अखेरीस आयोगाची वार्षिक बैठक एकूण आकडा ठरवते. बोटवाल्यांची बुकिंगं तर वर्षभर आधी झालेली असतात. पाहुण्याने पैसे भरले तेव्हा एक नियम, तो येईल तेव्हा दुसरा. हे समजावून सांगायचं काम कप्तानाच्या माथी येतं.

2018 मध्ये बैठक फिसकटली. दोन्ही देशांचं जमलं नाही आणि ठराव झालाच नाही. शेवटी दोघांनी आपापल्या घरी 2017 पेक्षा कमी आकडा लावून वेळ निभावली. कमी घ्यायचं यावर दोघेही ठाम होते, भांडण होतं ते कुणी किती कमी घ्यायचं याचं.

दुसरं मोठं दुखणं बेरिंग समुद्रातल्या ट्रॉलरच्या जाळ्यांचं. ते धरायला जातात दुसरे मासे, पण जाळ्यात हॅलिबटही येतो आणि तो त्यांना ठेवता येत नाही, बहुतेक वेळा मेलेलाच टाकून द्यावा लागतो. एका बाजूला पाहुण्याच्या माशाची अर्ध्या इंचाने मोजणी आणि दुसरीकडे असा नाश, हे किनाऱ्यावरच्या लोकांना सहन होत नव्हतं, आणि त्यांचं चूक नव्हतं. डिसेंबर 2021 मध्ये परिषदेने एका मोठ्या ट्रॉलर ताफ्यासाठी ठरवलं की हॅलिबट जितका कमी, तितकी या नासाडीची मर्यादाही कमी. हे फार आधी व्हायला हवं होतं.

कारण सध्या मासा खरोखरच कमी आहे. गेल्या शंभर वर्षांत दरसाल सरासरी सुमारे 6 कोटी 30 लाख पौंड हॅलिबट समुद्रातून निघाला. आयोगाच्या हिशेबात येणाऱ्या एकूण माशाची मर्यादा 2024 साठी होती 3 कोटी 52 लाख 80 हजार पौंड. 2025 साठी ती आणखी खाली आली, 2 कोटी 97 लाख 20 हजारांवर.

जाणार असाल तर

सिॲटल-व्हँकूव्हरकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या घरी उन्हाळ्यात आईवडील येतात आणि अलास्काची क्रूझ ठरते. जहाज जुनो किंवा केचिकानला काही तास थांबतं आणि धक्क्यावर बोटवाले बोलावतात. त्या अर्ध्या दिवसासाठी एवढं ध्यानात ठेवा. मासेमारीचा परवाना प्रत्येक प्रौढाचा वेगळा, तो ऑनलाइन मिळतो. आजचा वार हॅलिबटला खुला आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारा, कारण अलीकडे 2C मध्येही काही वार बंद ठेवावे लागले आहेत. लांबीची यंदाची चौकट विचारा. मासा सोडायचा ठरला तर फोटोसाठी शेपटीला धरून उलटा टांगू नका, पाण्यातच ठेवून कप्तानाला गळ काढू द्या. ठेवायचा ठरला तर बोटीवर त्याचे वरचे दोन, खालचे दोन आणि गालांचे दोन असे सहाच तुकडे करता येतात, प्रत्येकावर कातडी हवी. ते गालाचे तुकडे घट्ट आणि गोडसर असतात. आलं-लसूण, हळद, आगळ लावून तव्यावर कमी तेलात परता, आणि घाई करू नका.